कपाटामागे बुरशी, महालक्ष्म्यांच्या आत काय करता येईल? (बजेट ६ हजार)

मानेवाडा_तळमजला
घर स्वतःचं आहे, तळमजला आणि वर एक मजला. मधल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला लाकडी कपाट अगदी चिकटून आहे. परवा पैठणी काढायला गेले तर मागच्या फळीवर आणि भिंतीवर काळे-हिरवे ठिपके, पैठणीच्या काठावर पांढरी भुरी. खोलीत कुबट वास आहे. सासूबाईंना दमा, आणि महालक्ष्म्या त्याच खोलीत बसतात. मशीन, केमिकल, पेंट, काय घेऊ? बजेट ६ हजार, त्याच्या वर जमणार नाही.

गारवा_प्रो
डीह्युमिडिफायर घ्या, विषय संपला. मी १९ हजारांचा घेतला, १२ लिटरवाला. सकाळी टाकी ओतताना कळतं घरात किती पाणी आहे ते. मिसेसचे सिल्कचे सगळे कपडे वाचले.

मानेवाडा_तळमजला
दादा, ६ हजार.

गारवा_प्रो
हप्त्यानं मिळतो ना ताई.

प्रतापनगर_गच्ची
मशीन कायले पाहिजे? पाणी गच्चीवरून येऊन राहिलं असन. मी गेल्या वर्षी सगळी गच्ची वॉटरप्रूफिंग करून घेतली, ब्रिकबॅट कोबा फोडून नवीन. ८५ हजार लागले, पण आता एक थेंब नाही. पॅरापेटच्या भेगा पण बघून घ्या.

मानेवाडा_तळमजला
भाऊ, वर एक मजला आहे. त्यांच्याकडे छत कोरडं आहे.

संत्राबर्फी
कपाटात कापूर आणि कडुनिंबाचा पाला ठेवा. आमच्या आजीपासून चालू आहे.

रिटायर्ड_ओव्हरसिअर
ताई, काही विकत घेण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. कपाट ओढून भिंत नीट बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा ओला, त्यावर लोणा (पांढरा क्षार) फुललेला, पोपडे सुटलेले, म्हणजे ओल जमिनीतून चढते आहे. जुन्या घरात डीपीसी, म्हणजे पायावरचा ओल अडवणारा थर, नसली की हे होतं, आपली काळी माती पाणी धरून ठेवते. वरून खाली ओघळ असेल तर पाइप किंवा वरची मोरी बघा. आणि नुसते काळे ठिपके, प्लास्टर टणक, लोणा नाही, तर ती बहुधा हवेतली ओल.
खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा फूटभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर भिंत ओली. खोलीकडच्या बाजूला आलं तर हवा ओली. टेप वीस रुपयांचा.

इतवारी_जुनंघर
आमच्या वाड्याला चुन्याची सफेदी होती तोवर बुरशी माहीत नव्हती. ऑइल पेंट लावला आणि चालू झालं. चुना मारा, बाकी सगळं थोतांड.

अंबाझरी_२०२३
२३ सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. पेंटर म्हणाला, "काळजी नका करू साहेब." आणि भिंत वाळायच्या आधीच पुट्टी ओढून पैसे घेऊन गेला. चार महिन्यांत सगळं फुगून गळून पडलं. आता फोन उचलत नाही. ओल्या भिंतीवर कोणालाच हात लावू देऊ नका.

सावजी_तिखट
ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर मिक्स करून फवारा, एका दिवसात साफ.

रिटायर्ड_ओव्हरसिअर
अजिबात नाही! ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. त्या घरात दम्याच्या बाई आहेत. सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा, मास्क लावा, साबणाच्या पाण्यात ओल्या केलेल्या फडक्यानं पुसा आणि पंखा लावून वाळवा. कोरड्या ब्रशनं घासू नका, बुरशीची भुकटी हवेत उडते.

खसवाली_टट्टी
एक विचारू? कूलर अजून चालू आहे का?

मानेवाडा_तळमजला
हो, त्याच खोलीच्या खिडकीत. सासऱ्यांना त्याशिवाय झोप येत नाही. कपडेही आतच वाळत घालते, बाहेर पाऊस.

खसवाली_टट्टी
घ्या! मे महिन्यात हवा ठणठणीत कोरडी असते म्हणून कूलर चालतो. आता हवाच ओली, त्यात कूलर आणखी पाणी सोडतो. टाकी रिकामी करा, नुसता पंखा चालवा. कपडे वऱ्हांड्यात टाका.

गारवा_प्रो
कूलर ठीक आहे, पण हनीकोंब पॅड लावा, लाकडाच्या भुशाच्या टट्टीला वास येतो.

खसवाली_टट्टी
वाळ्याच्या टट्टीला काय वास येतो माहीत आहे का? वाळ्याचा! हनीकोंबमध्ये ती मजा नाही.

प्रतापनगर_गच्ची
हनीकोंब टिकते जास्त. पण गच्ची बघाच.

संत्राबर्फी
कापूर सांगितला होता मी.

मानेवाडा_तळमजला
फॉइल लावली होती, आज काढली. खोलीकडच्या बाजूला थेंब, भिंतीकडे अगदी कोरडी. लोणा कुठेच नाही.

रिटायर्ड_ओव्हरसिअर
मग उत्तम, भिंत शाबूत आहे. कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे घ्या, मागून हवा खेळू द्या. पाऊस नसताना समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कूलर बंद. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा काटा घ्या, ६० टक्क्यांखाली राहिली तर बुरशीला वाढायला अवघड जातं. तुमचे साडेपाच हजार वाचतील.

गारवा_प्रो
त्या साडेपाच हजारात आणखी टाकून…

मानेवाडा_तळमजला
सगळ्यांचे आभार. इकडे घरी वेगळंच ठरलं. भिंत पुसून घेतली, पण सासऱ्यांनी पीव्हीसी पॅनलवाल्याला ॲडव्हान्स देऊन टाकला, साडेनऊ हजारात अख्खी भिंत झाकतो म्हणाला. महालक्ष्म्यांना पाहुणे येतील तेव्हा खोली चांगली दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कूलरबद्दल मी अजून विषय काढलेला नाही.

रिटायर्ड_ओव्हरसिअर
ताई, पॅनलच्या मागे हवा जाणार नाही. बुरशी तिथेच वाढेल, फक्त दिसणार नाही.

इतवारी_जुनंघर
चुना मारा म्हटलं होतं.

अंबाझरी_२०२३
पॅनलवाल्याचा स्क्वेअर फुटाचा रेट काय पडला? आम्हालाही बेडरूमला करायचंच आहे.