मदत हवी आहे : वादळ पुढे सरकल्यावर अंदमानची हवा आणि समुद्र कधी निवळतो?

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. गावातील काही ज्येष्ठ मंडळी येत्या आठवड्यात अंदमानला निघणार आहेत आणि त्यांत माझे आई-बाबाही आहेत. सेल्युलर जेल एकदा प्रत्यक्ष पाहावे, ही बाबांची फार वर्षांची इच्छा. कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर निघता यावे म्हणून नोव्हेंबरअखेरची तारीख धरली. नागपूरहून रेल्वेने चेन्नई, तेथून विमानाने श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि पुढे फेरीबोटीने स्वराज द्वीप, असा मार्ग ठरला आहे.

अडचण अशी की, अंदमान समुद्रात तयार झालेले डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीचे तीव्र कमी दाबाचे क्षेत्र, काल बेटे ओलांडून वायव्येकडे सरकले. ते चक्रीवादळ होऊन आंध्रच्या किनाऱ्याकडे जाण्याची शक्यता हवामान विभागाने वर्तवली आहे. परवापर्यंत बातम्यांत बेटांचा उल्लेख होत होता. आता सगळे नकाशे किनाऱ्याचेच दाखवले जातात. सहल नेणारे गृहस्थ ‘वादळ गेले, आता काही काळजी नाही’ एवढेच सांगतात. माझे मन मात्र तेवढ्यावर निश्चिंत होत नाही, कारण सोबत जाणारी बहुतेक माणसे साठीच्या पुढची आहेत आणि पैनगंगेवरच्या डोंग्याखेरीज आई कधी पाण्यावर बसलेली नाही.

वादळाचे केंद्र दूर गेल्यावर बेटांवरचा पाऊस साधारण किती दिवसांत ओसरतो? वारा पडला तरी समुद्र खवळलेला राहतो का, आणि फेरीबोट सुटणार की नाही हे आपल्याला आधी कसे कळावे? या दिवसांत एकामागोमाग दुसरे वादळ येण्याची भीती कितपत असते? माहितगारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आणखी एक गोष्ट, जी याच वादळाशी जोडलेली आहे. दुसऱ्या वेचणीचा कापूस झाडावर फुटून उभा आहे आणि तूर फुलोऱ्यात आहे. आंध्रवरून ढग इकडे सरकले आणि दोन दिवस जरी पाऊस लागला, तरी फुटलेला कापूस भिजून पिवळा पडतो, बोंडातच सरकीला कोंब येतात आणि व्यापारी भाव पाडून मागतो. आई-बाबांना चेन्नईपर्यंत पोहोचवायला मी जाणार होतो. ते करावे, की मजूर मिळतील तेवढे लावून आधी कापूस घरात आणावा, याचाही निर्णय मला दोन दिवसांत घ्यायचा आहे.

प्रतिसाद

भाऊ, मी वरोऱ्याचा. नोकरीनिमित्त काही वर्षे श्री विजयपुरमला राहिलो आहे, म्हणून अनुभवाचे आणि थोडे वाचलेले असे दोन्ही सांगतो.

वादळाचे केंद्र बेटांच्या वायव्येला गेले, म्हणजे बेटे त्याच्या पिछाडीला आली. आपल्या गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे पिछाडीला नैर्ऋत्येकडून दमट वारा ओढला जातो आणि केंद्र शेकडो किलोमीटर दूर असतानाही बेटांवर जोरदार सरी कोसळत राहतात. ते आणखी लांब गेले की हा ओघ तुटतो आणि ऊन पडते. तिथे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हंगाम डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे अधूनमधून येणारी सर ही त्या दिवसांतली नेहमीची गोष्ट समजावी.

समुद्राचे मात्र वेगळे आहे, आणि तुमच्या मंडळींच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. वादळाने उठवलेल्या लांब लाटा वारा थांबल्यावरही दूरवर येत राहतात. आकाश निळे असते आणि बोट तरीही धक्क्याला बांधलेली असते. 2016 च्या डिसेंबरमध्ये पुढे ‘वरदा’ झालेल्या वादळाने स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे, ज्यांना तेव्हा हॅवलॉक आणि नील म्हणत, शेकडो पर्यटक अडकले होते. त्यांना नौदलाच्या जहाजांनी आणावे लागले. म्हणून टीव्हीवरचा पावसाचा अंदाज पाहून समाधान मानू नका. हवामान विभागाच्या पत्रकातील मच्छीमारांसाठीची सूचना रोज वाचा. अंदमान समुद्रात जाऊ नये, असे त्यात लिहिलेले असेपर्यंत फेरीबोटीचा भरवसा धरू नये. लाटांच्या उंचीचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था देते, तोही पाहावा. माझे मत विचाराल तर आधी सेल्युलर जेल आणि शहरातली स्थळे उरकावीत, स्वराज द्वीप मागे ठेवावे, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कोणत्याही परिस्थितीत श्री विजयपुरमलाच मुक्काम असावा. रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चार दिवसांच्या जास्तीच्या द्या.

दुसऱ्या वादळाविषयी : ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील वादळांचा मुख्य काळ आहे. 2013 मध्ये ‘हेलन’ 22 नोव्हेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि 25 तारखेला ‘लेहर’ पोर्ट ब्लेअरजवळून गेले. ते 28 तारखेला मछलीपट्टणमजवळ पोहोचेपर्यंत क्षीण झाले, पण बेटांना त्याचा तडाखा बसायचा तो बसलाच. अशी जोडी दरवर्षी येत नाही. तरी निघण्याच्या आदल्या दिवशी अंदमान समुद्रात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होत आहे का, हे अवश्य बघा.

आता मला खरी काळजी वाटते ती वाटेची. वादळ बेटांवरून सुटते तेव्हा ते तुमच्याच मार्गावर येत असते. ‘वरदा’ने 12 डिसेंबर 2016 ला आणि ‘मिचाँग’ने 4 डिसेंबर 2023 ला चेन्नईचे विमानतळ बंद पाडले होते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने तेलंगणातील केसमुद्रमजवळ रुळाखालची भर वाहून गेली आणि वरंगल-विजयवाडा मार्ग बंद झाला. तुमची गाडी त्याच मार्गाने जाते. तेव्हा अंदमान मोकळे झाले की नाही, याइतकेच वादळ किनाऱ्यावर कोठे आणि कधी चढते, हे पाहणे गरजेचे आहे.

तेच कापसालाही लागू. ते काकीनाडा-मछलीपट्टणमकडे जमिनीवर आले, तर त्याचे अवशेष तेलंगणातून वर सरकू शकतात आणि पहिल्यांदा गडचिरोली-चंद्रपूर, मग तुमच्याकडे आभाळ भरते. ते दक्षिणेला तमिळनाडूत गेले, तर आपल्याकडे बहुतेक वेळा नुसते ढगाळ होऊन जाते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज रोज पाहत राहा.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार, दादा. आताच पत्रक पाहिले : अंदमान समुद्रात न जाण्याची सूचना अजून कायम आहे आणि वादळ काकीनाड्याच्या आसपास किनाऱ्यावर येण्याचा अंदाज आहे. आई-बाबांशी बोललो, बाबा थोडे हिरमुसले, पण तारीख आठ-दहा दिवस पुढे ढकलायला त्यांनी होकार दिला. सहल नेणाऱ्यांशी उद्या सकाळी बोलतो. वेचणीला उद्यापासूनच मजूर सांगितले आहेत. आता एवढेच विचारायचे आहे की, विमान कंपनीने उड्डाण रद्द केले नसताना हवामानाच्या कारणाने आपणच तारीख बदलली, तर गटाच्या तिकिटांवर किती रक्कम कापली जाते? हा अनुभव कोणाला असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.