‘सायटेशन’ला मराठीत काय म्हणावे? उद्धरण, दाखला की संदर्भोल्लेख

प्रश्न : नाशिकमधील एका वैद्यकीय परिसंवादाच्या प्रमुख वक्त्यांचा परिचय मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वक्ते जैववैद्यकीय संशोधक असून मी असे वाक्य केले आहे : ‘त्यांचे ८५ पेपर प्रसिद्ध झाले असून त्यांना ४,००० उद्धरणे प्राप्त झाली आहेत, त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर ६ आहे.’ आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच असल्याने श्रोत्यांत जाणकार बरेच असतील. ‘सायटेशन’साठी, म्हणजे एका निबंधाने आपल्या संदर्भयादीत दुसऱ्या निबंधाची केलेल्या नोंदीसाठी, ‘उद्धरण’ हा शब्द येथे चालेल काय?

प्रतिसाद : माझ्या मते चालणार नाही. उद्धरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलून देणे, आणि शोधनिबंधांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांचा १९५१ सालचा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा संदर्भांत आला आहे. परंतु त्यातले वाक्य कोणी उद्धृत करत नाही, प्रयोगशाळेत ती पद्धत वापरली म्हणून त्याचे नाव यादीत येते. शब्दकोशात ‘सायटेशन’पुढे ‘मानपत्र’ असाही अर्थ सापडतो, तो पुरस्कारासोबत वाचल्या जाणाऱ्या मजकुराचा आहे. तो येथे घेतल्यास वक्त्यांना चार हजार मानपत्रे मिळाल्याचे जाहीर होईल.

दुसरा प्रतिसाद : मग ‘दाखला’ का नको? वकील मंडळी जुन्या निवाड्याचा दाखला देतात, तसाच संशोधकही आधीच्या कामाचा देतो. शब्द रुळलेला आहे आणि त्याला ‘देणे’ हे क्रियापदही सहज जुळते.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर : शब्द गोड आहे, पण दाखला आपण आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी देतो. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ सालचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याचे नाव संदर्भांत येतच राहिले, आणि त्यांतले पुष्कळसे तो खोडून काढण्यासाठी होते. त्यांना दाखले म्हणता येत नाही, मोजणीत मात्र ते सारे धरले जातात. नुसता ‘संदर्भ’ म्हणावा, तर लेखकाने दिलेले आणि लेखकाला मिळालेले यांची गल्लत होते. नुसता ‘उल्लेख’ म्हणावा, तर ऋणनिर्देशातले नावही त्यात बसते. म्हणून मी ‘संदर्भोल्लेख’ वापरतो. शब्द थोडा जड आहे हे मान्य, पण स्तुती आणि निंदा दोन्ही त्यात मावतात.

त्याहून मोठी अडचण प्रश्नातील वाक्याच्या शेवटच्या उपवाक्यात आहे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे प्रभावांक, हा नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे. मागील दोन वर्षांत नियतकालिकात आलेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेले संदर्भोल्लेख भागिले त्या लेखांची संख्या, असा हा हिशेब असून तो माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांच्या कामातून पुढे आला. व्यक्तीसाठी एच-निर्देशांक आहे, म्हणजे किमान तितकेच उल्लेख मिळालेल्या निबंधांची सर्वांत मोठी संख्या; तो भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. समजा, एखाद्याच्या दहा निबंधांना अनुक्रमे ९०, ४०, २२, ९, ६, ५, ५, २, १ आणि शून्य संदर्भोल्लेख आहेत. किमान पाच उल्लेख असलेले निदान पाच निबंध आहेत, किमान सहा उल्लेख असलेले सहा मात्र नाहीत. म्हणून निर्देशांक ५. पहिल्या निबंधाचे ९० चे ९०० झाले तरी तो ५ च राहतो. महागाईच्या निर्देशांकामुळे हा शब्द कानावर आहेच, श्रोते अडखळणार नाहीत.

‘पेपर’ऐवजी ‘शोधनिबंध’ लिहावे. आपल्याकडे पेपर सकाळी दारात पडतो किंवा परीक्षेत अवघड जातो. ‘प्रबंध’ मात्र पीएच.डी.पुरताच ठेवावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता असे लिहिले आहे : ‘त्यांचे ८५ शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून इतर संशोधकांनी त्यांचे ४,००० संदर्भोल्लेख केले आहेत.’ प्रभावांकाचे वाक्य काढून टाकले आहे.

उत्तर : ‘इतर संशोधकांनी’ हे शब्दही काढावेत, कारण स्वतःच्या जुन्या निबंधांचे स्वतःच केलेले उल्लेखही एकूण संख्येत सहसा धरलेले असतात. शिवाय आकडा कोठून व कोणत्या तारखेला घेतला ते कंसात द्यावे. गूगल स्कॉलर हे शोधयंत्र प्रबंध, पुस्तके असे पुष्कळ काही धरत असल्याने त्यावरील संख्या स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीकोशापेक्षा बहुधा जास्त दिसते.