पहिलं कोरल मिटून बसलंय, वरून मेणचट दिसतंय. मेलं का?

मिरकरवाडा_रत्नागिरी:
नमस्कार. गणपतीनंतर 120 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक सुरू केला. त्यात दोन क्लाउनफिश आहेत. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका मित्राने त्याच्या टँकमधलं टोडस्टूल लेदर (अळंबीच्या आकाराचं मऊ कोरल) दिलं, मुठीएवढं. माझं पहिलंच कोरल. आल्यावर छत्रीभर पॉलिप (बारीक बोटांसारखे तंतू) काढून बसलं होतं. आता तीन-चार दिवस सगळं आत, रंग फिका आणि वरचा भाग चकचकीत.

हायड्रोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) 1.021. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10. पाणी पहाटे 27, दुपारी 30. दिवा सकाळी 10 ते संध्याकाळी 6.

दुकानात विचारलं तर कॅल्शियमची बाटली दिली. एका माशावर पांढरे ठिपके आलेत, त्यासाठी औषधही दिलं, त्यावर कॉपर लिहिलंय. दोन्ही अजून घातलेलं नाही. कोरल मेलंय का? आणि किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड आणून टाकले तर पाणी सुधारेल का?

देवगडची_ताई:
आधी ते औषध टँकपासून लांब ठेव. मासे तांबं ठरावीक मात्रेपर्यंत सोसतात, पण कोरल, कोळंबी, खेकडे यांना अगदी थोडंही बाधतं. वर ते दगडात, वाळूत मुरतं आणि मागाहून पाण्यात सुटत राहतं. माशाला औषध द्यायचं ते वेगळ्या छोट्या टँकमध्ये, हवा आणि हीटरची सोय करून.

आता लेदर. तू लिहिलंयस त्यावरून ते मेलेलं वाटत नाही. कात टाकतंय. ही जात अधूनमधून पॉलिप आत ओढते, अंगावर मेणचट पापुद्रा धरते आणि तो सुटला की त्याच्याबरोबर वर बसलेलं शेवाळ, गाळ सगळं निघून जातं. जागा बदलली की हे होतंच. काही दिवसांत संपतं, कधी दोन आठवडेही लागतात. माझ्याकडची लेदर वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत.

तरी खात्री करून घे. देठ ताठ आहे का? कुठे तपकिरी, लिबलिबीत डाग पडून अंग सुटतंय का? सिरिंजने देठाजवळचं पाणी ओढ आणि हुंगून बघ. कुजका वास आला तर लगेच फोटो टाक, खराब भाग कापावा लागेल. वास नसेल तर हात लावू नकोस. पापुद्रा नखाने सोलायचा नाही. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) असा वळव की झोत थेट अंगावर न येता बाजूने जाईल, पापुद्रा आपोआप सुटेल. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेव. लेदर पाण्यात जी रसायनं सोडतं ती कार्बन धरून ठेवतो, पुढे शेजारी दुसरं कोरल ठेवशील तेव्हा तो लागेलच.

कॅल्शियमची बाटली परत कर. लेदरला दगडी सांगाडा नसतो, अंगात चुन्याचे बारीक कण असतात तेवढेच. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंस की एका लेदरपुरतं कॅल्शियम त्यातून मिळतं. वेगळं खाणंही नको. त्याच्या अंगातली सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न बनवतात, बहुतेक भूक त्यावर भागते.

तुझ्या आकड्यांतला मला डाचतो तो 30. पाणी तापलं की कोरल तीच शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. आपल्या मालवणच्या समुद्रातही हे झालेलं आहे. पंखा लाव, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. पंख्याने पाणी गार होतं ते वाफ होऊन उडाल्यामुळे, आणि आपल्याकडची हवा आधीच ओली. परदेशी व्हिडिओत चार डिग्री उतरतात, इथे एक-दोन उतरले तरी खूप. म्हणून दिव्याची वेळ बदल. दुपारच्या उकाड्यात दिव्याची उष्णता आणखी कशाला? संध्याकाळी 4 ते रात्री 12 कर, एकदम नाही, रोज थोडं थोडं सरकव. टँकवर काच असेल तर काढ आणि मासे उडी मारतात म्हणून जाळी लाव. दिवसभर 26-27 वर राहिलं तर उत्तम. नाही जमलं तर पैसे साठवून चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घे. नवीन कोरल त्यानंतर.

1.021 वर एवढ्यात काही करू नकोस. काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा अचूक मोजणारं साधन) घे, 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणाने जुळवून मोज. खरंच कमी निघालं तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस मिठाचं पाणी घाल, दिवसाला 0.001 पेक्षा जास्त चढवू नकोस. 1.025 ला थांब आणि मग पुन्हा फक्त गोडं पाणी.

मालवण_दांडी:
दगडांचं राहिलं म्हणून लिहितो. मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मेलेला असला तरी उचलू नका. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, 29.12 चौरस किलोमीटर. आमच्याकडचं गोल दगडासारखं पोरायटीस जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. लोक पाय देऊन उभे राहतात तेव्हा जीव तुटतो. साधा खडकही बंदराजवळून आणू नका, डिझेल आणि सांडपाणी त्यात मुरलेलं असतं. टँकसाठी सिरॅमिकचे दगड मिळतात.

मिरकरवाडा_रत्नागिरी:
दोघांचेही मनापासून आभार. देठ ताठ आहे, वास अजिबात नाही. दगड आणणार नाही. ताई, अजून दोन गोष्टी. टॉप-अपला, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी, घरच्या आरओचं पाणी घालतो, चालेल ना? आणि पावसात आमच्याकडे लाईट पाच-सहा तास जाते, तेव्हा काय करायचं?

चिपळूण_वाशिष्ठी:
लाईटसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्यावर जोडा, तो फार वीज खात नाही. गरम होत असेल तर बर्फाची बंद बाटली पाण्यात सोडायची.

देवगडची_ताई:
पंपाचं बरोबर आहे. लाईट गेल्यावर पहिला धोका प्राणवायूचा. अंधार लेदर दिवसभरही सोसतं, त्याची काळजी नको. बर्फाची बाटली मात्र पाणी 30 च्या वर जायला लागलं तरच, छोटी, आणि थर्मामीटर बघत. रोज करशील तर चढउतार वाढेल, तो उष्णतेइतकाच वाईट.

आरओच्या पाण्याचं आत्ता उठून बघ. घरच्या मशीनमध्ये बहुधा चवीसाठी मिनरल कार्ट्रिज असतं, आणि टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) नॉबमधून न गाळलेलं पाणी परत मिसळतं. हल्ली बऱ्याच मशीनमध्ये आरोग्यासाठी म्हणून तांब्याचं कार्ट्रिजही घालतात. तुझ्या मशीनवर कॉपर लिहिलेलं असेल तर ते पाणी टँकमध्ये थेंबभरही नको. टेक्निशियनला सांगून मेंब्रेनमधून थेट, कार्ट्रिजच्या आधी, एक नळी काढून घे आणि तिथलं पाणी टीडीएस मीटरने मोज. शून्याच्या जवळ हवं, त्यासाठी पुढे डीआयचं (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनचं) छोटं भांडं जोडता येतं. मशीनवर काय लिहिलंय ते इथे कळव.