मदत हवी आहे: 'पोर्ले ता। ठाणे' म्हणजे कुठलं ठाणे? वंशावळीत गाव कसं लिहावं?

वंशावळ सॉफ्टवेअरमध्ये भरताना एकाच गावापाशी गाडी अडली आहे. हाताशी तीन कागद आहेत:

१९११ च्या मोडी खरेदीखताचं लिप्यंतर: 'मौजे पोर्ले ता। ठाणे'
१९३४ चं शाळेचं जनरल रजिस्टर: 'पोर्ले, पेटा पन्हाळा' (पेटा म्हणजे तालुक्यासारखा महसुली विभाग)
१९५२ चं सेवापुस्तक, इंग्रजीत: नुसतं 'पोर्ले, ठाणा'

सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकलं की ते आपणहून 'ठाणे, महाराष्ट्र' करतं आणि नकाशावरची टाचणी मुंबईशेजारी जाऊन बसते. यातलं खरं कुठलं? आणि नोंदीत तेव्हाचं नाव घालायचं की आजचं?

मोडीवाचक:
तिन्ही कागद एकाच गावाचे दिसतात. घोळ त्या 'ता।'चा आहे. आपण आज सवयीनं तालुका वाचतो, जुन्या कागदात ते बहुधा 'तर्फ' असतं. तर्फ म्हणजे परगण्याखालचा गावांचा गट. गावाचं पूर्ण नाव आजही 'पोर्ले तर्फ ठाणे' असंच आहे, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर. ठाणे शहराशी काडीचा संबंध नाही. सेवापुस्तक भरणाऱ्यानं 'तर्फ' गाळलं आणि गाव कोकणात नेलं.

तर्फ शोभेला नाही, हेही लक्षात ठेवा. त्याच तालुक्यात 'पोर्ले तर्फ बोरगाव'ही आहे. खुर्द-बुद्रुकचंही तेच. 'बु॥', 'खु॥' ही अक्षरं शेपूट म्हणून सोडून दिली की पुढचा शोध शेजारच्या गावात सुरू होतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे लिप्यंतरावर न थांबता मूळ कागदाचा फोटो नोंदीला जोडाच. शंका राहिली तर खरेदीखतातली चतुःसीमा (जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे ते) बघा, तिथे शिवेवरची गावं दिली असली आणि ती जुळली की निकाल लागला.

दप्तरदार:
नाव तेव्हाचं लिहा, आजचं टिपेत. लहानाकडून मोठ्याकडे, स्वल्पविराम देत:

१९३४: पोर्ले तर्फ ठाणे, पेटा पन्हाळा, कोल्हापूर संस्थान
१९५२: पोर्ले तर्फ ठाणे, पन्हाळा, कोल्हापूर, मुंबई राज्य, भारत

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणून दोन ओळी वेगळ्या. १९३४ च्या माणसाला 'महाराष्ट्र' लावलंत तर पुढचा माणूस कागद चुकीच्या दप्तरात शोधेल. एखादा स्तर माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवा पण स्वल्पविराम काढू नका. नाहीतर फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना जिल्हा तालुक्याच्या रकान्यात सरकतो.

आणखी एक: कागदावरचा मजकूर जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात ठेवा, 'ठाणा' असेल तर 'ठाणा'च. आपण लावलेला अर्थ त्याच्याखाली. दोन्ही एकत्र केलंत की उद्या चूक सापडली तरी परत जायला जागा उरत नाही.

धागाकर्ता:
आजोळच्या कागदात 'मोमिनाबाद, निजाम इलाखा' आहे. आणि एका मामांचा जन्म १९७५, मालवण, जिल्हा रत्नागिरी. तिथे सिंधुदुर्ग करू?

दप्तरदार:
नको. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. १९७५ ला रत्नागिरीच बरोबर, टिपेत सिंधुदुर्ग. मोमिनाबाद म्हणजे बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई, पण नोंद मोमिनाबाद, हैदराबाद संस्थान अशीच राहू दे. मराठवाड्याच्या कागदांना तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. लातूरच्या माणसाला १९८२ च्या ऑगस्टआधी जिल्हा उस्मानाबाद.

अक्षांश:
टाचणीचं राहिलं. सॉफ्टवेअरची आपोआप जागा सुचवण्याची सोय बंद करा आणि आकडे हातानं भरा, गावठाणावर. दशांशानंतर तीन अंक गावाला पुरतात, साधारण ११० मीटरची अचूकता मिळते. पन्हाळ्याकडचा अक्षांश १६ नि काहीतरी यायला हवा. १९ दिसला की समजा पुन्हा ठाण्याला पोचलात. गाव धरणाखाली गेलेलं असेल, उदाहरणार्थ कोयनेच्या शिवसागरात, तर जन्माची टाचणी पाण्यातच ठेवा. त्याच नावाचं पुनर्वसित गाव ही वेगळी नोंद.

धागाकर्ता:
१९३४ आणि १९५२ च्या ओळी बदलल्या. १९११ ला पेट्याचा रकाना रिकामा ठेवलाय, खरेदीखतात उल्लेख नाही म्हणून.

मोडीवाचक:
योग्य. त्या 'ता।'चा फोटो मात्र जोडा.