मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेतली स्केचबुकं आणि पत्रं कशी जपू?

नमस्कार मंडळी, माझे आजोबा चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले, फार नाव वगैरे झालं नाही पण माणूस भयंकर भटक्या. वाडा पाडायला निघालाय म्हणून माळा उपसला तर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली, आत बनारसचे घाट, हंपी, नाशिकचा गोदाकाठ अशी स्केचबुकं, आजीला लिहिलेली पोस्टकार्डं (अर्ध्यावर चित्र, अर्ध्यावर पैशांची रड), रेल्वेची तिकिटं, बॉम्बे आर्ट सोसायटीचा एक कॅटलॉग आणि वाळून दगड झालेली रंगाची ट्यूब.

कसर लागलीय, काही पानं चिकटलीत. काका म्हणतो लॅमिनेट करून टाक, पण ते परत निघत नाही आणि सेलोटेपने कागद पिवळा पडतो एवढं मला माहितीये, त्यामुळे सध्या सगळं सावलीत पसरून मऊ ब्रशने धूळ झटकतेय. अ‍ॅसिड फ्री कागद (आम्ल नसलेला, जुने कागद गुंडाळून ठेवायला वापरतात तो) पुण्यात सुटा कुठे मिळेल? चिकटलेली पानं घरी सोडवायची हिंमत होत नाहीये, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्व्हेशन सेंटर (जुन्या वस्तू दुरुस्त करून जपणारा विभाग) आहे तिथे कुणी घरचे कागद नेलेत का, खर्च किती आला? वॉटरकलर स्कॅनरवर दाबू की वरून फोटोच काढू? आणि हो, पणजोबांची मोडीतली दोन पत्रं पण आहेत, कुणी वाचून देईल का प्लीज.