मदत हवी आहे: वादळात स्टेडियमचं छप्पर उडालं, दुरुस्ती शहराच्या माथी का? (ट्रॉपिकाना फील्डचा करार)

सेंटपीटकर | २४ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. बेसबॉलवर मराठीत धागा काढतोय म्हणून हसू नका. प्रश्न खेळाचा नाहीच, भाडेकराराचा आहे. आणि घाईचा आहे, कारण ३ एप्रिलला आमच्या नगर परिषदेची बैठक आहे आणि तिथं नागरिकांना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांसाठी मी नाव द्यायचं ठरवलंय.

मी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला राहतो. इथं ट्रॉपिकाना फील्ड नावाचा, तिरकी टोपी घातल्यासारखा दिसणारा घुमट आहे. टँपा बे रेज या संघाचं घर. जागा आणि इमारत दोन्ही सार्वजनिक मालकीची. गेल्या ऑक्टोबरात, ९ तारखेच्या रात्री, मिल्टन वादळ आलं. छताचं कापड, म्हणजे टेफ्लॉनचा थर दिलेलं फायबरग्लास, वाऱ्यानं फाडून नेलं. आठवड्याभरानं हायवेवरून जाताना बघितलं तर वरच्या केबलींना पांढऱ्या चिंध्या लोंबत होत्या, बाभळीत अडकलेल्या धोतरासारख्या. आत मदत पथकांसाठी शेकडो खाटा मांडल्या होत्या. सुदैवानं लोक वादळाआधीच हलवले होते.

दुरुस्तीचा अंदाज ५.५७ कोटी डॉलर. विमा अडीच कोटींचा, आणि त्यातले पहिले २.२ कोटी शहरानंच सोसायचे. हे वाचून मला वाटलं छपाईची चूक असेल. नाहीये.

आता गंमत बघा. नोव्हेंबरात परिषदेनं छपराला पैसे मंजूर केले आणि त्याच दिवशी काही तासांनी निर्णय फिरवला. संघ यंदाचा हंगाम खाडीपलीकडे टँपाला, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या सरावाच्या मैदानावर खेळणार. आणि याच महिन्यात, १३ तारखेला, मालकांनी जाहीर केलं की १३० कोटी डॉलरचं नवं स्टेडियम आम्ही बांधत नाही. त्यात शहर आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) मिळून ६० कोटी घालणार होते.

म्हणजे जो भाडेकरू निघालाय, त्याच्यासाठी घराचं छप्पर आम्ही घालायचं? माझा कोथरूडला एक फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. तिथं गच्ची गळली की दुरुस्ती माझी, मान्य. पण भाडेकरू भाडं तरी देतो! इथं भाडं म्हणावं असं काही दिसतच नाही. उलट स्टेडियमला नाव देण्याचे पैसेसुद्धा संघाला.

कुणाला असे करार वाचायची सवय असेल तर सांगा: शहर "जा बाबा" म्हणू शकतं का? आणि तीन मिनिटांत मी नेमकं काय बोलू?

---

फुकट_चौकशी | २४ मार्च

बोला की "भाडं नाही तर छप्पर नाही". दहा सेकंदांत काम. उरलेल्या वेळात चहा प्या.

---

कोर्टाची_पायरी | २५ मार्च

मी पुण्यात दिवाणी कोर्टात वकिली करतो, अमेरिकेचा कायदा माझा प्रांत नाही. पण तुमच्या करारावर जे जे जाहीर छापून आलंय ते काल रात्री वाचून काढलं. झोप गेली ती गेली.

पहिली गोष्ट म्हणजे त्या कागदाचं नावच भाडेकरार नाही. १९९५ चा तो "वापर करार" आहे. आपल्याकडे लीज आणि लिव्ह अँड लायसन्स यातला फरक तुम्हाला कोथरूडच्या फ्लॅटमुळे ठाऊक असेलच. लीजमध्ये जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी, अकरा महिने राहा आणि निघा. तुमच्या शहरानं संघाला जागेचा ताबा विकलेला नाही, वापर दिला. पण बदल्यात मागितलं काय? भाडं नव्हे, वचन. २०२७ पर्यंत घरचे सामने इथंच खेळायचे, आणि शहराच्या परवानगीशिवाय दुसरीकडे स्टेडियमची बोलणीसुद्धा करायची नाहीत. ही दुसरी अट फार कडक निघाली. संघाला पलीकडच्या हिल्सबरो काउंटीत नुसती जागा शोधायची होती, तर त्यासाठी २०१६ मध्ये परिषदेकडून रीतसर तीन वर्षांची मुभा घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट छपराची. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ मध्ये एक सुंदर तरतूद आहे. आग, वादळ, पूर, सैन्य किंवा जमाव यांनी जागेचा मोठा भाग कायमचा निकामी केला, तर भाडेपट्टा रद्द करायचा पर्याय भाडेकरूला मिळतो. मालकाला नाही, हे लक्षात घ्या. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर ते चालतं. तुमच्या करारात वेगळंच लिहिलंय: वास्तू निकामी झाली तर शहरानं ती दुरुस्त करायची, आणि संघाचा जो हंगाम बुडेल तितकी मुदत पुढे सरकायची. म्हणून २०२५ बुडालं आणि मुदत २०२७ ची २०२८ झाली.

म्हणजे छपराचे पैसे हे निघालेल्या भाडेकरूवर उधळलेले नाहीत. दुरुस्ती करा, तर तो २०२८ च्या हंगामापर्यंत बांधलेला. करू नका, तर वचन आधी तुम्ही मोडलं. मग त्याला धरून ठेवायचा दोर तुम्हीच कापला, वर नुकसानभरपाईचा दावा अंगावर.

---

सेंटपीटकर | २५ मार्च

वकीलसाहेब, डोळे उघडले. मी इतके दिवस "भाडं किती" याच प्रश्नाभोवती फिरत होतो. पण तरी विचारतो, भाडं का नाही? इतकं उदार कोण असतं?

---

कोर्टाची_पायरी | २५ मार्च

याचं उत्तर माझ्यापेक्षा कुणी आकडेवाला देईल. असेल कुणी तर पुढे या.

---

रोखे_आणि_पोहे | २५ मार्च

आलो. न्यू जर्सीत नगरपालिकांच्या रोख्यांवर काम करतो.

ती उदारता नाही, कराचं गणित आहे. शहरं स्टेडियम बांधायला रोखे काढतात. रोख्याचं व्याज करमुक्त असलं की ते स्वस्त पडतं. १९८६ च्या करसुधारणा कायद्यानं खाजगी संघांच्या स्टेडियमसाठी ही सवलत बंद करायला एक मेख मारली. इमारतीचा खाजगी वापर १० टक्क्यांहून जास्त असेल, तर कर्जफेडीचे १० टक्क्यांहून जास्त पैसे त्या खाजगी वापरातून येता कामा नयेत. हेतू असा की शहरं मग असला धंदा करणारच नाहीत. झालं उलटंच. शहरांनी भाडं नाममात्र ठेवलं आणि कर्ज हॉटेल-कर, विक्री-कर असल्या पैशांतून फेडायला घेतलं. पाहुण्यांनी द्यायचा तो कर, म्हणून मतदारही फारसे ओरडत नाहीत. कायद्यानं दार लावलं आणि चोराला खिडकी दाखवली.

तुमच्या शहराची तर आणखी एक अडचण होती. तो घुमट संघ मिळायच्या आधीच बांधला! १९९० ला उघडला आणि रेजचा पहिला सामना १९९८ मध्ये. तो बांधून व्हायच्या आधीच शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघानं "आम्ही फ्लोरिडाला जातो" म्हणत १९८८ मध्ये इलिनॉयकडून नवं स्टेडियम पदरात पाडून घेतलं. तिथल्या विधिमंडळानं मध्यरात्रीची मुदत उलटू नये म्हणून घड्याळच थांबवलं होतं. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स येता येता राहिले. मांडव घालून नवरदेवाची वाट बघत बसलेला वधूपिता हुंडा ठरवताना किती ताणणार?

---

हिमगौरी | २६ मार्च

मिनिआपोलिसहून. सेंटपीटकर, छप्पर फाटणं आमच्याकडेही झालंय हो. २०१० च्या डिसेंबरात आमच्या मेट्रोडोम स्टेडियमचं कापडी छत बर्फाच्या भारानं फाटलं आणि ढीगच्या ढीग मैदानात ओतला गेला. पण सांगायचं आहे ते त्याआधीचं, आणि ते तुमच्या कामाचं आहे.

२००१ च्या नोव्हेंबरात बेसबॉल लीगमधल्या संघमालकांनी ठरवलं की दोन संघ बंदच करायचे. त्यात आमचा ट्विन्स जाणार अशी बोलवा. मेट्रोडोम चालवणारा सरकारी आयोग कोर्टात गेला. संघ म्हणाला, उरलेल्या वर्षाचं जे काय नुकसान असेल ते पैशात घ्या आणि विषय मिटवा. पण ट्विन्सही भाडं देत नव्हते! आणि तोच मुद्दा आयोगाच्या बाजूनं गेला. भाडं नव्हतं, म्हणजे आयोगाला करारातून मिळणार होते ते सामनेच, आणि त्यांची किंमत पैशात कशी काढणार? न्यायाधीश हॅरी क्रंप यांनी हुकूम काढला की २००२ चा हंगाम इथंच खेळा. अपील कोर्टानंही तो उचलून धरला. त्या वर्षी संघ आपल्या विभागात पहिला आला, बंद व्हायचा होता तो. अजून आहे.

तेव्हा "भाडं नाही" हे तुमच्या भाषणात तक्रार म्हणून वापरू नका. ते हत्यार आहे.

---

सेंटपीटकर | २६ मार्च

हिमगौरीताई, हे सोन्यासारखं आहे. फुकट_चौकशी, तुमची दहा सेकंदं रद्द.

---

फुकट_चौकशी | २६ मार्च

चहा तरी प्या.

---

ऑकलंडचा_बाळ्या | २७ मार्च

मी उलट्या बाजूचा साक्षीदार. आमच्याकडे ए'ज संघ १९६८ पासून कोलिझियममध्ये. २०१४ ला दहा वर्षांचा करार केला, तो २०२४ ला संपला. संपला म्हणजे संपला, दोर वगैरे काही उरला नाही. त्याआधीच संघानं लास वेगासची वाट धरलेली, नेवाडानं ३८ कोटी डॉलर देऊ केलेले. मधली वर्षं काढायला ऑकलंडनं पाच वर्षांचे ९.७ कोटी मागितले, तर संघ सॅक्रामेंटोच्या छोट्या लीगच्या मैदानावर निघून गेला. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा सामना, ४६,८८९ माणसं. एरवी स्टँडमध्ये आपला आवाज आपल्यालाच ऐकू यायचा. शेजारचा म्हातारा सामना संपल्यावर डब्यात माती भरून घेत होता. सुरक्षारक्षक बघून न बघितल्यासारखं करत होता.

तात्पर्य वगैरे नाही, फक्त एवढं विचारा तुमच्या परिषदेला: मुदत संपायच्या आत पुढच्या कराराची बोलणी कोणत्या ताकदीवर करणार?

---

मैदानावरची_माती | २७ मार्च

अवांतर: वानखेडेची जमीनही राज्य सरकारची, पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली, आणि तो २०१८ ला संपला. आपल्याकडे निदान संघ दुसऱ्या शहरात पळवून न्यायची धमकी नाही. मुंबईचा रणजी संघ काय नागपूरला जाणार?

---

कोर्टाची_पायरी | २८ मार्च

अवांतर राहू द्या, सेंटपीटकरांसाठी एक राहिलं. मला हे कलम छपरापेक्षा मोठं वाटतं आणि त्यावर कुणी ओरडताना दिसत नाही. करार चालू असेपर्यंत घुमटाभोवतीच्या जमिनीचा शहरानं विकास केला, तर येणाऱ्या पैशातला निम्मा वाटा संघाचा. सुमारे ८६ एकर जागा, शहराच्या मध्यात. संघ सामने खेळला काय अन् न खेळला काय, करार जिवंत असेपर्यंत शहराला स्वतःची जमीन मोकळेपणी विकता येत नाही. दोर दोन्ही टोकांना बांधलेला असतो, साहेब. छप्पर घालून मुदत २०२८ पर्यंत टिकवली, तर जमिनीचा तिढाही तितकाच टिकतो. त्यामुळे तुमच्या जागी मी असतो तर छपराला विरोध केला नसता. मी म्हणालो असतो: पैसे द्या, पण या निम्म्या वाट्यातून सुटका करून घ्यायची बोलणी आत्ताच सुरू करा. संघालाही २०२८ च्या आत बाहेर पडायचं असेल, तर ही दोन कलमं एकमेकांवर वजा होऊ शकतात.

---

सेंटपीटकर | २८ मार्च

८६ एकर म्हटल्यावर सांगतो. ती जमीन रिकामी नव्हती. गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. घरं, चर्च, दुकानं. आधी महामार्ग आला, मग ऐंशीच्या दशकात उरलेलं पाडलं, नोकऱ्या आणि नवी घरं देतो म्हणून. आमचे महापौर केन वेल्च यांचं कुटुंबही तिथलंच. माझ्या शेजारच्या आजी तिथंच वाढल्या. पार्किंगच्या पूर्वेकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून "ते आमचं स्वयंपाकघर" म्हणतात. तिथं आता गाडी क्रमांक अमुकसाठी पिवळी रेघ आहे. माझं बोलणं मी जमिनीवर आणतो. छप्पर दीड मिनिटात.

---

सेंटपीटकर | ४ एप्रिल

बोललो. ट्विन्सचा दाखला दिला तेव्हा एक सदस्या काहीतरी लिहून घेताना दिसल्या, तेवढ्यानं बरं वाटलं. निम्म्या वाट्याचं कलम काढलं आणि वेळ संपल्याचा इशारा झाला. सुटकेच्या बोलणीचं वाक्य तोंडातच राहिलं. छपरासाठी सव्वादोन कोटी मंजूर झाले.

शेजारच्या आजी घरून टीव्हीवर बघत होत्या. आल्यावर विचारलं, "छपरावर एवढा वेळ कशाला घालवलास?" उत्तर नव्हतं.

जमिनीसाठी पुन्हा नाव देणार आहे, या वेळी उलट्या क्रमानं बोलेन. रोखे_आणि_पोहे, हॉटेल-कराचं ते गणित मला जरा कागदावर मांडून द्याल का? आणि वकीलसाहेब, कोथरूडच्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये नव्यानं करायचाय. वादळाचं कलम कसं घालतात तेही सांगा, फी देईन.