मदत हवी आहे: मोबाइल घेताना कूपन, कार्ड ऑफर, एक्सचेंज... खरी सूट कशात?

कोयनाकाठ:
मंडळी, पुतणीला कॉलेजसाठी मोबाइल घ्यायचाय. बजेट वीस हजार, हजारभर इकडे-तिकडे चालेल. मॉडेल ठरलंय, त्यावर चर्चा नको (घरात भरपूर झाली). प्रश्न फक्त किमतीचा.

ऑनलाइन २१,९९९. एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के सूट, पण जास्तीत जास्त १,५००. ते कार्ड माझ्याकडे नाही, मेव्हण्याकडे आहे. जुन्या फोनचे २,३०० देतो म्हणतात. शिवाय सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय. इकडे कराडातला दुकानदार रोख २१,००० म्हणतोय, पक्कं बिल, वर कव्हर आणि स्क्रीनगार्ड फुकट.

'मोबाइल कूपन' शोधलं तर ढीगभर साइट्स निघाल्या. एकही कोड चालेना. एकीने तर कोड दाखवायलाच मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला. मोबाइलवर खरंच चालणारं कूपन कुणाला मिळालंय का? आणि मेव्हण्याचं कार्ड वापरलं तर काही अडचण?

हिशेबनीस:
कूपन साइट्सचा नाद सोडा. कपडे-चपलांवर कोड चालतात कारण तिथे मार्जिन दणदणीत असतं. मोबाइलमध्ये विक्रेत्याला फारसं सुटत नाही, त्यामुळे सूट येते ती बहुतेक बँक किंवा कंपनीच्या खिशातून. ॲमेझॉनवर कूपन असलंच तर किमतीखालीच चौकोन दिसतो, टिक करायची, कोड लागत नाही. ओटीपी मागणाऱ्यांना अजिबात देऊ नका.

नो कॉस्ट ईएमआयचं मात्र नीट बघा. बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा दाखवतात. वीस हजारांवर १५ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज साधारण ८५० होतं. ते वजा झालं तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीडशेच्या आसपास, तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटी धरून आणखी २३५. पावणेचारशे-चारशे गेले. 'शून्य टक्के व्याज' असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. पैसे हातात असतील तर ईएमआय कशाला?

माणदेशी:
मेव्हण्याचं कार्ड चालतं. फक्त पत्त्यात नाव तुमचं किंवा पुतणीचं टाका, म्हणजे बिल त्या नावाने येईल. फोन चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करताना बिल हाताशी असलेलं बरं. ईएमआय केला तर लिमिट त्याचं अडकेल, आणि फोन परत केला तर पैसे त्याच्याच कार्डावर जातील. पाहुण्यांशी आधी बोलून घ्या :)

एक्सचेंजमध्ये एक गोम आहे. कार्डाच्या सुटीला किमान खरेदीची अट असते, आणि बऱ्याच ऑफरमध्ये ती एक्सचेंज वजा करून उरलेल्या रकमेवर मोजतात. २१,९९९ मधून २,३०० गेले की १९,६९९ उरतात. अट वीस हजारांची असेल तर १,५०० वर पाणी. शिवाय घरी येणारा माणूस फोन तपासतो, ओरखडा दिसला की नाही म्हणतो.

पेठेतला:
माझं गणित सोपं. ऑनलाइन कार्डाने २०,४९९, दुकानात २१,०००. फरक पाचशेचा, त्यात कव्हर-स्क्रीनगार्डचे तीनेकशे धरा. दुकानदाराला स्क्रीन दाखवा आणि २०,७०० म्हणा. आणि त्याच्या स्वाइप मशीनवर बँकेची ऑफर आहे का ते विचारा. बऱ्याच दुकानांत असते, पण कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे आभार. अटी उघडून पाहिल्या, किमान खरेदी वीस हजारच आहे! म्हणजे एक्सचेंज बाद, जुना फोन आईला देतो. मशीनवरची ऑफर उद्या विचारतो. की दसऱ्याच्या सेलपर्यंत थांबू?

हिशेबनीस:
कॉलेज सुरू झालंय ना? मग थांबू नका. सेलमध्ये आकडा कमी दिसेल, पण तेव्हा नेमकं त्याच कार्डावर सूट असेल याची खात्री नाही.